‘आया’ : एका शब्दाची कुळकथा

मराठींत ‘आया’ हा उच्चार दोन निरनिराळ्या शब्दांचा आहे. एक, ‘आई’ या शब्दाचें अनेकवचन. आणि दुसरा, पगार घेऊन मूल सांभाळणाऱ्या बाईचें नांव. शाळेच्या दाराशीं ‘आया उभ्या आहेत’ असें कोणीं म्हटलें, तर मुलांना जन्म देणाऱ्या उभ्या आहेत कीं त्यांना सांभाळणाऱ्या, हें नुसत्या वाक्यावरून कळावयाचें नाहीं. ऐकणारा संदर्भ पाहून अर्थ लावतो आणि पुढें जातो. परंतु भाषेंत जेथें असा घोंटाळा होतो, तेथें क्षणभर थांबलें तर बहुधा कांहीं तरी हातीं लागतें. या शब्दाच्या मागें तर चार शतकांचा इतिहास आणि अगणित स्त्रियांचें आयुष्य उभें आहे.

उच्चाराच्या या सारखेपणामुळें पुष्कळांचा असा समज असतो कीं, मूल सांभाळणाऱ्या बाईला आदरानें ‘आई’ म्हणतां म्हणतां ‘आया’ हा शब्द तयार झाला असावा. समज गोड आहे, पण खरा नाहीं. हा शब्द समुद्रावरून आला. पोर्तुगीज भाषेंत ‘आयो’ म्हणजे थोरामोठ्यांच्या मुलांना वळण लावणारा पुरुष, आणि ‘आया’ म्हणजे तेंच काम करणारी स्त्री. बहुतेक व्युत्पत्तिकारांच्या मतें या शब्दाचें मूळ लॅटिन ‘आविया’ या शब्दांत आहे, व त्या शब्दाचा अर्थ आहे ‘आजी’. म्हणजे ज्या शब्दानें आज चाकरी सूचित होते, तो आपल्या मूळ घरीं घरांतल्या सर्वांत वडील स्त्रीचा वाचक होता.

पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० मध्यें गोवें घेतलें. १५३४ च्या तहानें वसई आणि तिच्याबरोबर मुंबईचीं बेटें त्यांच्याकडे आलीं, व १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकीपर्यंत उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल राहिला. एवढ्या दीर्घ सहवासांत अनेक पोर्तुगीज शब्द मराठीच्या घरांत येऊन बसले. बटाटा, काजू, अननस, चावी, घमेलें, लिलांव, तुरुंग, नाताळ हे शब्द परके आहेत हें आतां सांगितल्याशिवाय ध्यानांतहि येत नाहीं. गोमंतकांतील आसगांवीं जन्मलेले विद्वान धर्मगुरु सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनीं आशियांतील भाषांमध्यें पसरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९३६ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर बडोद्याच्या प्राच्यग्रंथमालेंत निघालें. त्या कोशांत ‘आया’ हा शब्द आहे, आणि त्याच कोशांत ‘पगार’ हा शब्दहि आहे. आया आणि पगार हे दोन्ही शब्द एकाच भाषेंतून आले, ही गोष्ट पुढील सर्व हकीकतीच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

हा शब्द येण्यापूर्वीं आपल्याकडे मुलें सांभाळणाऱ्या स्त्रिया नव्हत्या असें अर्थातच नाहीं. त्यांचें संस्कृतांतील नांव ‘धात्री’. ज्या धातूपासून तो शब्द झाला, त्याचा अर्थ स्तनपान करणें असा आहे. अमरकोशांत धात्री या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत : उपमाता, पृथ्वी आणि आवळी. पाजणारी स्त्री, पोसणारी भूमि आणि कार्तिकांत जिच्या छायेंत लोक भोजनास बसतात ती आवळी, या तिघींना एकाच शब्दांत बसविणाऱ्या समाजानें त्या कामाची थोरवी ओळखली होती यांत संशय नाहीं. फारसींतील ‘दाया’ हा शब्द त्याच मूळ धातूचा, आणि आपली ‘दाई’ ही त्याच गोतांतील.

बौद्ध वाङ्मयांत, विशेषतः दिव्यावदानांत, श्रीमंताच्या घरीं मूल जन्मलें म्हणजे त्याला आठ धात्री दिल्या असें वर्णन वारंवार येतें. दोघी मांडीवर घेणाऱ्या, दोघी दूध पाजणाऱ्या, दोघी न्हाऊंमाखूं घालून स्वच्छ ठेवणाऱ्या आणि दोघी खेळविणाऱ्या. जैन आगमांतहि पांच धात्रींची अशीच वांटणी आहे. तेथें मुलाला नटविणारी एक वेगळी आहे. एका आईच्या एका दिवसांत किती कामें भरलेलीं असतात, याची ही जणूं यादीच आहे. ही यादी करणाराला संसाराची पुरी माहिती होती.

वैद्यकांतील ग्रंथ तर याहून बारकाईनें लिहितात. धात्री कशी असावी हें चरक व सुश्रुत या दोघांनींहि शारीरस्थानांत सांगितलें आहे. ती मध्यम वयाची असावी, निरोगी असावी, प्रेमळ असावी, लोभी नसावी. तिचें दूध पाण्यांत टाकलें असतां पाण्याशीं एकरूप होऊन जावें, अशी दुधाची परीक्षाहि तेथें दिली आहे. या लक्षणांत एक लक्षण असें आहे कीं, ती ‘जीवद्वत्सा’ असावी, म्हणजे तिचें स्वतःचें मूल जिवंत असावें. वैद्याच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. जिचें मूल जगलें आहे तिचें दूध चांगलें, असा त्यांतील हिशेब. पण हें लक्षण वाचतांना मनांत एक प्रश्न उभा राहतो. तिचें मूल जिवंत आहे आणि तिचें दूध दुसऱ्याच्या घरीं आहे, तर त्या मुलानें काय प्यावें? लक्षणांच्या त्या यादींत हा प्रश्न नाहीं. धात्रीचें मूल येतें तें तिच्या लायकीचा पुरावा म्हणून. त्याच्या स्वतःच्या भुकेची तेथें नोंद होत नाहीं.

हाच प्रश्न हातीं धरून इतिहासांतील थोर दायांकडे पाहिलें, तर त्यांच्या गौरवकथा कांहीं निराळ्या दिसूं लागतात. मेवाडांत १५३६ च्या सुमारास बनवीर हा बाल उदयसिंहाचा वध करण्यास आला असतां पन्ना दाईनें राजपुत्राला बाहेर काढून दिलें आणि त्याच्या पाळण्यांत आपला मुलगा चंदन निजविला, ही कथा सर्वतोमुखीं आहे. उदयसिंह वांचला, राणा झाला आणि उदयपुराला त्याचें नांव मिळालें. पन्नेची स्वामिनिष्ठा राजस्थान आजवर गात आला आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु या कथेंत दाईची सर्वांत मोठी थोरवी कोणती ठरली? तिनें दुसऱ्याच्या मुलासाठीं आपलें मूल दिलें ही. धात्री या पदाच्या पोटांत जी मागणी दडलेली होती, तीच येथें तलवारीच्या धारेनें उघडी झाली.

मोगलांच्या दरबारांत दाईला ‘अनगा’ म्हणत. हा तुर्की शब्द. इस्लामी धर्मशास्त्रांत दुधाचें नातें रक्ताच्या नात्यासारखें मानलें जातें. एका स्त्रीचें दूध प्यालेल्या मुलामुलींचा विवाह तेथें निषिद्ध आहे. त्यामुळें दाईच्या मुलाला राजपुत्राचा भाऊ म्हणून मान मिळे. अकबराच्या दायांपैकीं माहम अनगा हिनें तर त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीं राज्यकारभारांतहि मोठें वजन मिळविलें. दिल्लीच्या जुन्या किल्ल्यासमोर १५६१ मध्यें तिनें बांधविलेली खैर-उल्-मनाझिल ही मशीद अजून उभी आहे. तिचा मुलगा अधम खान यानें १५६२ सालीं अकबराचा वजीर शम्सुद्दीन अतगा खान याला आग्र्याच्या राजवाड्यांत ठार मारलें. अतगा खान हाहि अकबराच्या दुसऱ्या दाईचा, जीजी अनगेचा, पति होता. अकबरानें अधम खानाला गच्चीवरून खालीं फेंकण्याची आज्ञा केली. थोड्याच दिवसांत माहम अनगाहि निवर्तली. दुधाचें नातें किती खरें होतें आणि सत्तेपुढें तें किती टिकलें, या दोन्ही गोष्टी या एका प्रसंगांत दिसतात.

महाराष्ट्रांत अशा कथेचें रूप अधिक सौम्य आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. सईबाईसाहेबांची प्रकृति ठीक नसल्यानें कापूरहोळ येथील गाडे घराण्यांतील धाराऊ हिला दूधआई म्हणून आणिलें, असें परंपरा सांगते. पुढें १६५९ च्या सप्टेंबरांत सईबाई वारल्या, तेव्हां राजे अवघे दोन वर्षांचे होते. ‘दूधआई’ हा शब्द मराठीनें स्वतः घडविलेला आहे. त्यांत ‘आई’ आहे, आणि तिचा मान कां हेंहि आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, धाराऊचें नांव, गांव आणि घराणें हीं तिन्ही लोकांच्या स्मरणांत राहिलीं.

येथून पुढें मात्र चित्र पालटतें. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली व १६६८ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. किनाऱ्यावरील पोर्तुगीज घरांतून ‘आया’ हा शब्द इंग्रजांच्या घरांत शिरला, आणि तेथून तो सबंध हिंदुस्थानांतील साहेबांच्या बंगल्यांत पसरला. यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं छापलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशांत तो आहे. ‘आजी’ हा अर्थ तोंपर्यंत पार विसरला होता. आया म्हणजे साहेबाच्या घरांतील, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी देशी बाई, एवढाच अर्थ उरला.

सर जोशुआ रेनल्ड्स या नामांकित इंग्रज चित्रकारानें १७६५ च्या सुमारास काढलेलें जॉर्ज क्लाइव्ह याच्या कुटुंबाचें चित्र आज बर्लिन येथील चित्रसंग्रहांत आहे. हा क्लाइव्ह प्लासीच्या क्लाइव्हचा नातलग. चित्रांत पति आहे, पत्नी आहे, नटवलेली लहान मुलगी आहे, आणि त्या मुलीला सांवरून धरणारी, गुडघे टेंकलेली एक हिंदी स्त्री आहे. चौघांच्या चित्रांत तिघांचीं नांवें इतिहासाला ठाऊक आहेत. चौथीला केवळ ‘हिंदी दासी’ म्हणून ओळखतात.

आणि तरीहि त्या घरांतील मुलांच्या मनाची जडणघडण पुष्कळ अंशीं तिच्याच हातीं असे. रुडयार्ड किप्लिंग हा ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईंत जन्मला. त्याच्या मृत्यूनंतर १९३७ सालीं निघालेल्या आत्मचरित्रांत त्यानें आपल्या आयेची आठवण अगदीं आरंभीं दिली आहे. ती रोमन कॅथलिक होती. रस्त्याच्या कडेच्या क्रुसापाशीं ती प्रार्थना करी, तेव्हां तो तिच्या शेजारीं उभा राही. दुपारीं झोंपतांना तिच्या किंवा मीता नांवाच्या गड्याच्या तोंडून गोष्टी व गाणीं ऐकावयाचीं, आणि मग कपडे चढवून आईबापांकडे जावयाचें. जातांना ताकीद मिळे कीं, आतां इंग्रजी बोल. विचार करावयाचा व स्वप्नें पाहावयाचीं तीं देशी बोलींत, आणि तींच अडखळत इंग्रजींत उलथावयाचीं, असा त्याचा त्या वयांतला क्रम होता. पुढें १८७१ सालीं त्याला विलायतेंत परक्यांच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि तेथील वर्षें त्याला फार दुःखाचीं गेलीं. मीताचें नांव त्यानें लिहून ठेवलें आहे. आया मात्र आयाच राहिली.

एका आयेचें नांव मात्र सुदैवानें राहिलें आहे. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिंवाळ्यांत ते दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले तेव्हां त्यांची कन्या मेरी बरोबर होती आणि तिच्या सोबतीला ॲना लिबराता डिसूझा ही आया होती. मुक्कामामागून मुक्काम पडत गेले, आणि वेळ जावा म्हणून मेरीनें तिला गोष्टी सांगावयास लावलें. त्या गोष्टींचें पुस्तक ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नांवानें १८६८ सालीं लंडनला निघालें. हिंदी लोककथांच्या इंग्रजी संग्रहांत तें आरंभींच्या पुस्तकांपैकीं एक मानलें जातें.

मेरी फ्रियरनें एक मोठी चांगली गोष्ट केली. पुस्तकाच्या प्रारंभीं तिनें ॲनाच्याच तोंडून ॲनाची हकीकत दिली. तिचे पूर्वज मूळचे लिंगायत. कुटुंब गोव्यास आल्यावर ख्रिस्ती झालें. नवरा गव्हर्नरच्या बंगल्यावर चाकरीस होता. तो वारल्यावर दोन मुलांच्या पोटासाठीं तिला स्वतःला चाकरी धरावी लागली. पूर्वीं वडील माणसें गोष्टी सांगत, आतां सर्वांना पैशाचीच आंच लागली आहे, अशी खंतहि तिनें बोलून दाखविली आहे. आणि या सगळ्या गोष्टी तिला कोणीं सांगितल्या होत्या? तिच्या आजीनें. ‘आया’ या शब्दाचें मूळ ज्या ‘आजी’ या अर्थांत आहे, तो अर्थ ॲनाला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण आजीचा वारसाच ती गव्हर्नरच्या मुलीच्या पदरांत टाकीत होती. पुस्तकावर कर्ती म्हणून नांव लागलें तें मेरीचें.

बंगल्याबाहेरहि आयेचें एक जग होतें, तें म्हणजे समुद्र. विलायतेस परत जाणाऱ्या कुटुंबांना वाटेंत मुलें सांभाळण्यास बाई हवी असे. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा प्रवास महिनेच्या महिने चाले. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा झाल्यावर तो कांहीं आठवड्यांवर आला आणि अशा फेऱ्या पुष्कळ वाढल्या. कित्येक बायकांनीं हाच धंदा केला. बोट लागलेल्या मडमेची शुश्रूषा, तान्ह्या मुलांचें दूधपाणी, सामानाची राखण, सर्व त्यांच्याकडे. उतारूंच्या यादींत त्यांची नोंद बहुधा ‘अमक्या मडमेची आया’ अशी होई.

बोट लंडनला लागली कीं काम संपलें. करार नीट झालेला असेल तर परतीचें तिकीट मिळे. नसेल तर ती बाई परक्या देशांत, परक्या थंडींत, एकटी. अशा सोडून दिलेल्या आयांची स्थिति इतकी वाईट झाली कीं, त्यांच्यासाठीं लंडनच्या ऑल्डगेट भागांत एक निवासगृह काढावें लागलें. पुढें तें ‘लंडन सिटी मिशन’ या संस्थेकडे आलें व १९०० सालीं हॅकनी भागांत किंग एडवर्ड्स रोडवरील २६ क्रमांकाच्या घरांत गेलें. १९२१ मध्यें त्याच रस्त्यावरच्या ४ क्रमांकाच्या मोठ्या घरांत त्याचें स्थलांतर झालें. तेथें त्यांना राहावयास मिळे, आणि हिंदुस्थानास निघालेल्या एखाद्या कुटुंबाबरोबर परत जाण्याची सोयहि लावून दिली जाई. चीनकडून आलेल्या ‘आमा’हि तेथें असत. हा ‘आमा’ शब्दहि पोर्तुगीजच. मुंबई, मद्रास, कलकत्ता, हाँगकाँग अशा दूरदूरच्या बंदरांतून आलेल्या त्या स्त्रिया एका चुलीभोंवतीं बसून बोट केव्हां मिळते याची वाट पाहत. त्यांतील कित्येकींचीं मुलें घरीं दुसऱ्या कोणाच्या तरी हवालीं असतील. चरकाच्या ‘जीवद्वत्से’ची तीच हकीकत येथें आगबोटीवर चढून लंडनपर्यंत पोंचली होती.

हा सर्व इतिहास पुष्कळ वर्षें कोणाच्या खिजगणतींत नव्हता. रोझिना विसराम या विदुषीनें १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत आया आणि खलाशी यांना राजेमहाराजांच्या पंगतीस बसविलें, तेव्हां अभ्यासकांचें लक्ष तिकडे वळलें. पुढें हॅकनींतील रहिवाशांनीं खटपट केली, आणि जून २०२२ मध्यें २६ क्रमांकाच्या त्या घरावर स्मृतिचिन्हाची निळी पाटी लागली. पाटी घराची आहे. घरांत राहून गेलेल्या बहुतेक स्त्रियांचीं नांवें तिच्यावर लिहावयास उपलब्धच नाहींत.

इकडे महाराष्ट्रांत ‘आया’ हा शब्द बंगल्यांतून इस्पितळांत आणि शाळेंत आला. पण मराठी जिभेला तो कोरडा वाटला असावा. म्हणून कोणीं त्याला ‘बाई’ जोडून ‘आयाबाई’ केलें, आणि बहुतेक ठिकाणीं त्याच्या जागीं ‘मावशी’ हा शब्द आणून बसविला. वॉर्डांत मावशी, पाळणाघरांत मावशी, शाळेंत मावशी. ‘मावशी’ हा संस्कृत ‘मातृष्वसा’ या शब्दाचा वंशज, म्हणजे आईची बहीण. ‘माय मरो पण मावशी उरो’ असें म्हणणाऱ्या भाषेंत याहून जवळचें नांव दुसरें नाहीं. हें नांव देण्यांत शहाणपण आहे आणि मायाहि आहे.

तथापि आजवरचा अनुभव असा कीं, या कामाला भाषेनें प्रत्येक वेळीं नात्याचाच शब्द दिला. लॅटिनमध्यें आजी, संस्कृतांत उपमाता, मराठींत दूधआई, आतां मावशी. आणि व्यवहारानें प्रत्येक वेळीं तो शब्द थोड्याच काळांत चाकरीच्या पातळीवर आणून ठेविला. नात्यांत रजा मागतां येत नाहीं, वेळ मोजतां येत नाहीं, पगार वाढवून मागणें तर अगदींच वाईट दिसतें. म्हणून जेथें हिशेब चुकवावयाचा असतो, तेथें नात्याचा शब्द फार सोयीचा पडतो. सणाला गोडाचें ताट देऊन साप्ताहिक सुट्टी नाकारणारें घर ‘मावशी’ म्हणतांना अडखळत नाहीं.

महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला आणि घरकाम करणाऱ्या बाईची नोंद ‘कामगार’ म्हणून होण्याची वाट मोकळी झाली. ‘कामगार’ हा शब्द ऐकण्यास रुक्ष आहे. त्यांत दूध नाहीं, मांडी नाहीं, अंगाई नाहीं. पण त्या शब्दाच्या मागें हक्क उभा राहूं शकतो, आणि ‘आया’ या शब्दाच्या मागें तो चारशें वर्षें उभा राहिला नाहीं. म्हणून घरांत तिला मावशी म्हणावें आणि हिशेबाच्या वहींत कामगार म्हणून तिचें देणें लिहावें. दोन्ही करण्यास कांहीं अडचण नाहीं.

आणि मुलाला तिचें नांव सांगावें. नुसतें ‘मावशी’ नव्हे. तिचें स्वतःचें नांव, आणि जमल्यास तिच्या मुलांचींहि. मूल तें लक्षांत ठेवतें. धाराऊचें नांव साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ टिकलें आहे. किप्लिंगच्या आयेचें एका पिढींतच हरवलें.